ढोल सोडू नकोस

सासवड, वटपौर्णिमा

चि. छकुली,

फोनवर तू विचारलंस त्याचं उत्तर फोनवरच देता आलं असतं. पण तू जेवणाच्या सुट्टीत बोलत होतीस, मागून कुणीतरी सारखं हाका मारत होतं, आणि हा विषय घाईत उरकण्यासारखा नाही. म्हणून लिहिते. वाचून झालं की माळवाडीच्या खोलीतल्या तुझ्या दोघी मैत्रिणींनाही दे, त्याही तुझ्यासारखंच मालिशचं काम करतात.

तुमच्या सेंटरचे मॅनेजर म्हणतात, गणपतीआधीचे दोन महिने संध्याकाळच्या अपॉइंटमेंट गच्च असतात, तेव्हा यंदा ढोलपथक बंद कर. तुलाही वाटायला लागलंय की हात तसेही दुखतात, मग सोडूनच द्यावं. माझं मत विचारलंस तर सोडू नकोस. नोकरी सोडू नकोस आणि ढोलही सोडू नकोस. दोन्ही कसं निभवायचं ते सांगते, आणि त्याआधी मी एवढी का अडून बसले आहे तेही.

तुझं काम कसलं आहे ते बघ. सकाळी मगरपट्ट्यातले आजी-आजोबा गुडघे घेऊन येतात, दुपारी बायका येतात, संध्याकाळी सहानंतर आयटीतली माणसं मान आणि कंबर घेऊन येतात. प्रत्येकासाठी तुला आवाज खाली ठेवावा लागतो. दिवा मंद, बासरी लावलेली, दार लोटतानाही वाजू द्यायचं नाही. समोरच्याचा श्वास ऐकायचा, कुठं दुखतंय ते न विचारता ओळखायचं, तो बोलला तर ऐकून घ्यायचं, नाही बोलला तर गप्प राहायचं. आठ-नऊ तास तू स्वतःला बाजूला ठेवून दुसऱ्याच्या शरीराकडं लक्ष देतेस. हे काम चांगलं आहे, मी जन्मभर तेच केलं. पण ज्या मुलींना याखेरीज दुसरं काहीच नव्हतं त्यांचं काय झालं तेही मी आमच्या पंचकर्म विभागात पाहिलं आहे. काहींचे हात कोरडे झाले. तेल तेच, क्रम तोच, पण हातात लक्ष उरलं नाही. काही उलट प्रत्येक पेशंटचं दुःख घरी नेऊ लागल्या, रात्री जागू लागल्या. टिकल्या त्या ज्यांचं बाहेर काहीतरी होतं. एकीचं भजनी मंडळ होतं, एक दर रविवारी भावाच्या कांद्याच्या शेतात राबायला जायची. त्यांचे हात शेवटपर्यंत जिवंत राहिले.

तुझ्याकडं ढोल आहे. दिवसभर तू दुसऱ्यासाठी शांतता राखतेस आणि संध्याकाळी दीड तास, कमरेला ढोल बांधून, पन्नास जणांत एका ठेक्यावर वाजवतेस. तिथं तुला कुणाची मर्जी सांभाळायची नसते, कुणी तुला मॅडम म्हणत नाही, आणि आवाज खाली ठेव असंही कुणी सांगत नाही. तू मला सरावाबद्दल सांगतेस तेव्हा तुझा आवाज वेगळाच असतो. तो हरवावा असं मला वाटत नाही.

तुझ्या ओळखीच्या रस्त्यावरचंच एक उदाहरण देते. हडपसरच्या गाडीतळावरून सोलापूर रस्त्यानं पुढं गेलं, लोणी काळभोर मागं टाकलं की उरुळी कांचन लागतं. तिथला निसर्गोपचार आश्रम गांधीजींनी 1946 साली सुरू केला. त्याआधी पुण्यात ताडीवाला रस्त्यावर डॉ. दिनशा मेहता यांचं निसर्गोपचार केंद्र होतं, गांधीजी तिथं राहत, आणि 1945 मध्ये त्यासाठी न्यासही झाला होता. पण शहरातल्या केंद्रात गरीब माणूस पोचत नाही हे त्यांच्या ध्यानात आलं आणि ते खेड्यात गेले. मार्च 1946 मध्ये ते उरुळीत काही दिवस राहिले, रोगी तपासले, मातीच्या पट्ट्या, कटिस्नान, सूर्यस्नान, साधं अन्न हे सगळं सुरू करून दिलं. ते गेले, पण एक माणूस मागं राहिला. सुरत जिल्ह्यातला, विज्ञान शिकलेला, पंचविशीतला मणिभाई देसाई. आयुष्यभर इथंच राहीन असा शब्द त्यानं गांधीजींना दिला आणि 1993 मध्ये डोळे मिटेपर्यंत पाळला.

या मणिभाईंना गाईंचा नाद लागला. आश्रमाच्या गोठ्यात गीर गाई होत्या. त्यांचा चारा, त्यांचं दूध, कोणती गाय किती देते आणि का, याचा त्यांनी खोल अभ्यास केला. रोग्यांची व्यवस्था बघणारा माणूस गोठ्यात काय करतो, असं विचारणारे तेव्हाही असतीलच. त्या नादातून 1967 मध्ये उरुळीतच ‘बाएफ’ उभी राहिली. संकरित गाई खेड्यापाड्यांतल्या शेतकऱ्याच्या दारात पोचवणारी, गोठवलेलं वीर्य वापरून घरोघरी कृत्रिम रेतन करणारी ती संस्था. 1982 मध्ये मणिभाईंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आश्रम सुटला नाही आणि गाईही सुटल्या नाहीत. तू पुरस्कार मिळव असं मी म्हणत नाही. उपचार केंद्रात काम करणाऱ्या माणसाचा नाद म्हणजे कामात केलेली चोरी असते, ही समजूत किती खोटी आहे ते तुला दिसावं, एवढ्यासाठी सांगितलं. जमेल तेव्हा एका सुट्टीच्या दिवशी उरुळीला जाऊन ये. आश्रम अजून चालू आहे.

आता हात. इथं मात्र मी तुला रागावणार आहे.

तू म्हणालीस, अंगठ्याच्या मुळाशी ठणकतं आणि रात्री बोटांना मुंग्या येतात. ढोलानं होतंय असं तू समजतेस. थोडं ढोलानं होत असेल. पण मुख्य कारण तू टेबलाशी ज्या तऱ्हेनं उभी राहतेस ते आहे. मागच्या दिवाळीत माझी पाठ चोळून दिलीस तेव्हा मी पाहिलं. सगळा जोर अंगठ्यांत. अंगठा हे दाबायचं हत्यार नाही. मोठ्या स्नायूंवर मूठ वापर, कोपरापासून मनगटापर्यंतचा हात वापर. एक पाय पुढं, एक मागं, गुडघे किंचित सैल, आणि जोर मागच्या पायातून वर येऊ दे. मनगट सरळ राहिलं पाहिजे, मागं मुडपलेलं नको. टेबल उंच असेल तर खांदे वर चढतात, ठेंगणं असेल तर कंबर जाते. सरळ उभी राहून हात खाली सोडलेस की बोटांचे सांधे टेबलाला लागावेत, एवढी उंची. तुमची टेबलं उंची बदलता येणारी असतील तर दर वेळी बदल, आळस करू नकोस. आमच्याकडं मालिशसाठी लाकडी द्रोणी असायच्या, त्या बदलता येत नसत, मग आम्ही पायाखाली पाट घ्यायचो.

अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला रात्री मुंग्या येत असतील तर मनगटातली नस दाबली जात असण्याची शक्यता असते. हे अंगावर काढू नकोस. हाडाच्या डॉक्टरांना दाखव, बाम लावून झोपू नकोस. वेळेत दाखवलं तर रात्रीचा पट्टा आणि विश्रांती यावर बऱ्याचदा भागतं.

आणि पथकात यंदा प्रमुखांशी बोलून घे. तुझ्या उजव्या हातात टिपरू असतं आणि डावा थाप मारतो. दोन्ही हातांवर मार. हात बरे होईपर्यंत झांज किंवा ध्वज घे. ध्वज तुला कमीपणाचा वाटतो हे मला ठाऊक आहे, पण तूच म्हणतेस की मिरवणुकीत सगळ्यांच्या नजरा आधी ध्वजाकडं जातात. ठेका अंगात राहील आणि माणसंही सुटणार नाहीत. गणपतीपर्यंत हात ठीक झाले तर विसर्जनाला ढोल बांध.

मॅनेजरांशी बोलताना रडून किंवा भांडून काही होणार नाही. लेखी अर्ज दे. त्यात लिही की अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आठवड्यातले चार दिवस मला सकाळची पाळी द्यावी, उरलेले दोन दिवस, त्यांत एक रविवार, मी रात्री उशिरापर्यंत थांबेन आणि रविवारची गर्दी मी घेईन. सकाळचे आजी-आजोबा तुझ्या हाताला सरावलेले आहेत, त्यांना तूच हवी असतेस. हे तुझं बळ आहे, ते बोलून दाखव. आठवड्याची सुट्टी मात्र कुठल्याही सौद्यात घालू नकोस. ती तुझ्या हक्काची आहे, आणि ठरल्या तासांपेक्षा जास्त थांबवलं तर त्याचा मोबदला दुप्पट दरानं मिळायला हवा.

पगाराचंही बघ. तुमच्याकडं दहाहून जास्त माणसं आहेत आणि तुझा पगार 21,000 च्या आत आहे. म्हणजे कर्मचारी राज्य विमा तुला लागू व्हायला हवा. तुझ्या पगारातून 0.75 टक्का कापला जातो आणि मालक 3.25 टक्के भरतो. कापलेलं दिसत नसेल तर विचार. उद्या मनगटाचं ऑपरेशन करायची वेळ आलीच तर कुणाच्या दारात उभं राहावं लागू नये.

दुसरी गोष्ट तू फोनवर बोललीस आणि लगेच विषय बदललास. टार्गेटची. महिन्याला इतकी पॅकेजं विकलीच पाहिजेत, आणि विकताना सांगायचं की सात दिवसांत शरीरातलं विष बाहेर पडतं, साखर जाते, गोळ्या बंद होतात. बाळ, हे तोंडातून काढू नकोस. मधुमेह, कॅन्सर, हृदयरोग बरा करतो अशी जाहिरात करायला 1954 च्या कायद्यानंच बंदी आहे. पण कायदा बाजूला ठेव. एखाद्या आजोबांनी तुझ्या शब्दावर इन्सुलिन बंद केलं तर त्याचं ओझं मॅनेजर उचलणार नाहीत, तू उचलशील. तुला जे खरोखर देता येतं ते थोडं नाही. आखडलेली मान मोकळी होते, झोप लागते, अंग हलकं वाटतं, कुणीतरी तासभर आपल्याकडं नीट लक्ष दिलं याचं समाधान मिळतं. एवढं सांग. खरं सांगणाऱ्या बाईकडं माणसं परत येतात. टार्गेट हळूहळू पूर्ण होतं, आणि नाही झालं तर नाही झालं.

आणि हात कधी लावायचा नाही हे तुला कुणी शिकवलेलं दिसत नाही. मी लिहून देते, पाठ कर. एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम, दाबलं की दुखते, अशी बाई आली, विशेषतः लांबचा प्रवास करून किंवा ऑपरेशननंतर, तर त्या पायाला हात लावू नकोस. आत रक्ताची गाठ असू शकते, ती चोळल्यानं सुटून फुप्फुसात जाऊ शकते. तिला त्याच दिवशी दवाखान्यात पाठव. ताप असेल तर अभ्यंग नाही. अपचन असेल तरी नाही, आयुर्वेदात वाग्भटांनी हे केव्हाच लिहून ठेवलं आहे. मधुमेही माणसाच्या तळव्यांना गरम पिशवी लावताना त्यांना चटका कळेल यावर भरवसा ठेवू नकोस. त्यांच्या पायांची जाणीव अनेकदा कमी झालेली असते, पोळतं तरी कळत नाही. आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर बघ. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या पेशंटला डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाफेच्या पेटीत बसवू नकोस. गरोदर बाईच्या बाबतीत स्वतःच्या मनानं काही करू नकोस.

शिरोधारेचं एक सांगते, कारण तुला ती सगळ्यात आवडते. भांड्याचं टोक कपाळापासून चार बोटं वर. तेल थेट आचेवर कधी तापवायचं नाही, गरम पाण्यात वाटी ठेवून तापवायचं, आणि धार सोडायच्या आधी हाताच्या मागच्या बाजूवर बघायचं. डोळ्यांवर कापूस. धार संपत आली की तेल परत भांड्यात घालायचं, ती मध्येच तुटू द्यायची नाही. अर्धा-पाऊण तास तुझं लक्ष तिथंच हवं, फोनचा आवाज पूर्ण बंद. झालं की पेशंटला लगेच उठवू नकोस. पाच-दहा मिनिटं पडू दे, मग कुशीवर वळव, मग बसव, आणि पायाखाली टॉवेल टाक. म्हाताऱ्या माणसांचं घसरून पडणं टेबलावर होत नाही, ते तेलकट फरशीवर टेबलाच्या शेजारी होतं.

तुझं शिक्षण एवढ्यावर थांबू देऊ नकोस. तुझ्या खोलीपासून जवळच महाराष्ट्र आरोग्य मंडळाचं सुमतीभाई शहा आयुर्वेद महाविद्यालय आहे. मंडळाचं साने गुरुजी रुग्णालयही हडपसरातच. तिथं जा, पंचकर्म विभागातल्या जुन्या परिचारिकांशी ओळख करून घे, त्या खूप शिकवतील. ताडीवाला रस्त्यावर, जिथं दिनशा मेहतांचं केंद्र होतं त्याच बापू भवनात आता राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्था आहे. उपचार-सहायकांसाठी त्यांचा अभ्यासक्रम चालतो, त्याची चौकशी कर. हातात कागद असला की उद्या हे सेंटर बंद पडलं तरी तुला दुसरीकडं तुझ्या अटींवर काम मागता येईल.

एक अवघड गोष्ट राहिली. या कामात हात लावणं असतं, म्हणून काही माणसं वाटेल ते मनात धरून येतात. कुणी नको ते बोललं, नको तिथं हात नेला, तर टॉवेल टाक, ‘मी डॉक्टरांना बोलावते’ एवढंच म्हण आणि बाहेर ये. समजावत बसू नकोस, माफी मागू नकोस, आपलंच काही चुकलं का याचा विचार करू नकोस. त्याच दिवशी लिहून दे. 2013 च्या कायद्यानं दहा किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या ठिकाणी तक्रार समिती असावीच लागते. तुमच्याकडं ती आहे का, त्यात कोण कोण आहे, हे आजच विचारून ठेव. छोट्या सेंटरमधल्या मुलींसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार तीन महिन्यांच्या आत करावी लागते हे तिघीही लक्षात ठेवा. ग्राहक टाकून बाहेर आलीस म्हणून मॅनेजर रागावले तर त्यांना माझा नंबर दे.

टेबलावर पडलेली माणसं बरंच काही सांगतात, सुनेचं, नवऱ्याचं, नोकरी जाण्याच्या भीतीचं. ते खोलीत आल्यावर मैत्रिणींनाही सांगायचं नाही. यावर जास्त लिहीत नाही, तुझ्या आईनं तुला नीट वाढवलं आहे.

स्वतःच्या अंगालाही तेल लाव. वाग्भट रोज अभ्यंग करायला सांगतात आणि त्यातही डोकं, कान आणि पाय यांच्यावर विशेष भर देतात. तू दिवसभर उभी असतेस. झोपायच्या आधी तळव्यांना तिळाचं तेल, पाच मिनिटं. हात दर वेळी साबणानं धुऊन कातडी फाटते म्हणालीस, तर तेल आधी कोरड्या पंचानं पुसून घे, मग बेसन लाव, साबण शेवटी थोडाच. चिरा तरीही राहिल्या तर कातडीच्या डॉक्टरांकडं जा.

आता दहा-बारा दिवसांत पालख्या हडपसरला येतील. दोन्ही तिथूनच वेगळ्या होतात. माउली दिवेघाटानं आमच्या सासवडला येतात, तुकोबा लोणी काळभोरला जातात. त्या दिवशी रजा टाक आणि तिघी मिळून रस्त्याच्या कडेला सतरंजी घालून बसा. वारकऱ्यांचे पाय चेपून द्या. फोड आलेल्या जागी दाबू नका, तिथं फक्त स्वच्छ पाण्यानं धुवा. भेगांना तेल लावा, पण पाय घसरणार नाही एवढं पुसून द्या, पुढं त्यांना घाट चढायचा असतो. म्हाताऱ्यांच्या पोटऱ्या खालून वर, हलक्या हातानं. रेटकार्ड नसलेल्या जागी तुझे हात काय करू शकतात ते तुला एकदा कळलं पाहिजे. मी दर वर्षी सासवडच्या तळावर बसते. तिथं मी जितकी खूश असते तितकी विभागात असतानाही क्वचितच होते.

मग माउलींबरोबर घाट चढून इकडंच ये. दोन दिवस राहा. तुझं मनगट मी स्वतः बघते. आणि येताना दोन गोष्टी घेऊन ये, मॅनेजरांना दिलेल्या अर्जाची प्रत आणि मागच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा. विम्याचा नंबर त्यावर नसेल तर आपण दोघी पुढच्या सोमवारी जाऊन विचारू.

तुझी,
मावशी